पावसाआधी झाडांकडे बघताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कुंपणाला जास्वंदीची रांग आहे. मार्चपासून शेंडे आकसून गोळा झालेत, त्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतं. माळी दर आठवड्याला औषध मारतो, तरी पुन्हा येतंच. (ठाणे)

उत्तर : हा पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. औषध मारूनही तो परत येतो, याला दोन कारणं आहेत. त्याची अंडी मेणचट कापसाच्या पिशवीत असतात, तिथवर फवारा पोचत नाही. शिवाय गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याला सांभाळतात आणि त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांना हाकलतात. म्हणून सुरुवात मुंग्यांपासून करा. खोडाभोवती चार बोटं रुंद कागदाची पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका. भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या कापा, नाहीतर मुंग्या त्या वाटेने वर जातील.

मग आकसलेले शेंडे कापून जागेवरच पिशवीत टाका आणि तोंड बांधून पिशवी उन्हात ठेवा. कापलेल्या फांद्या बागेतून ओढत नेल्या की पिल्लं वाटेतल्या प्रत्येक झाडावर उतरतात. उरलेल्या झाडावर सकाळी पाइपने जोरात पाणी मारा, मुख्यतः पानांच्या खालून. संध्याकाळी 1 लिटर पाण्याला 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि 1 मिली द्रव साबण या प्रमाणात फवारा. तेल आणि साबण आधी एकत्र घोटून मगच पाणी ओता. थेट पाण्यात टाकलेलं तेल वर तरंगतं आणि शेवटचा फवारा पानं करपवतो. पहिल्यांदा एकाच फांदीवर मारून दोन दिवस थांबा. सात-आठ दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या हव्यात, कारण मधल्या काळात अंडी फुटतात.

व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी (5 ग्रॅम प्रति लिटर) यावर चांगली चालते, पण तिला दमट हवा लागते. मेच्या कोरड्या उन्हात मारली तर पैसे वाया. ती जुलैसाठी ठेवा. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) सुचवणारे भेटतील. जास्वंदीवर शिंजीर आणि मधमाश्या येतात, फुलं देवाला जातात, म्हणून आम्ही ती सुचवत नाही. आणि युरिया बंद करा. त्याने फुटणारी कोवळी लुसलुशीत पालवी हेच या किडीचं आवडतं खाणं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ढेकणांच्या घोळक्यात झुपकेदार पांढऱ्या केसांच्या, जरा मोठ्या आणि भराभर चालणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या क्रिप्टोलिमस या मित्रभुंगेऱ्याच्या. त्या ढेकणांनाच खातात. त्या दिसल्या तर फवारणी थांबवा.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात चाफ्याच्या पानांखाली नारिंगी भुकटी आली आणि सगळी पानं गळली. झाड वाचेल का? (पुणे)

उत्तर : वाचेल. हा तांबेरा. चाफा हिवाळ्यात पानं टाकतोच, तांबेऱ्याने ती लवकर गळतात इतकंच. डागाळलेलं पान कोणत्याही औषधाने बरं होत नाही, म्हणून पुढच्या पानांचा विचार करायचा. गळलेला पाला बुंध्याशी कुजू देऊ नका. पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. जूनअखेर नवी पानं पूर्ण उघडली की पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर, पावसाची उघडीप बघून, पानांच्या खालच्या बाजूला. पंधरवड्याने पुन्हा एकदा. कडक उन्हात गंधक मारू नका आणि तेलाच्या फवारणीपासून दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. नाहीतर पानं भाजतात.

प्रश्न : फाटकाजवळच्या जुन्या गुलमोहराच्या बुंध्याला लाकडासारख्या कडक, तपकिरी भूछत्र्या आल्यात. दोन वर्षांपूर्वी तिथे पेव्हर ब्लॉक बसवले. खरवडून बोर्डो पेस्ट लावली तर चालेल? (नाशिक)

उत्तर : नाही. वर्णनावरून ही गॅनोडर्मा बुरशी वाटते. बाहेर भूछत्री दिसते तेव्हा आतलं लाकूड आणि मुळं आधीच कुजलेली असतात. खरवडल्याने फक्त खूण पुसली जाते. बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) ताज्या कापांवर उपयोगी, आतल्या कुजीवर नाही. गेरू-चुन्याचा पट्टा तर निव्वळ शोभेचा.

गुलमोहराची मुळं उथळ पसरतात. ब्लॉकसाठी खणताना ती तुटली असणार, आणि बुरशी अशाच जखमांतून शिरते. आता लाकडी हातोडीने बुंध्याभोवती ठोकून बघा. पोकळ आवाज किती भागात येतो? एका बाजूची जमीन उचललीय का, तिथे भेगा आहेत का, झाड नव्याने कललंय का? यातलं काहीही असेल तर पाऊस सुरू होण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागात फोटोंसह अर्ज द्या. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, छाटणीआधीही विचारा. तोवर खाली गाड्या लावू नका.

झाड ठेवायचं ठरलं तर एका वेळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त पर्णसंभार काढू नका. शेंडे उडवून झाड बोडकं तर मुळीच करू नका. तिथून फुटणाऱ्या फांद्या वरवर चिकटलेल्या असतात आणि वादळात त्याच मोडतात. जड फांदीला तीन काप द्या : खोडापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश खोल, त्याच्या थोडं बाहेर वरून पूर्ण, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता. पहिला काप टाळला तर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. बुंध्याभोवतीचे ब्लॉक निदान मीटरभर काढा, पण पहारीने नको, हाताने.

झाड गेलंच, तर खुंट आणि जाड मुळं उपसून काढा. त्याच खड्ड्यात नवं झाड लावू नका.

प्रश्न : सप्तपर्णीच्या पानांवर फोडांसारख्या गाठी. औषध? (पनवेल)

उत्तर : नको. कीड गाठीच्या आत असते, तिथे फवारा पोचत नाही, आणि मोठ्या झाडाचं यात फारसं बिघडत नाही. लहान रोपांवरची गाठाळ पानं गाठी फुटण्याआधी काढून टाका.

प्रश्न : बोगनवेल हिरवीगार, पण फूल नाही. (कोल्हापूर)

उत्तर : पाणी कमी करा. रोजचं पाणी आणि नत्रखत मिळतं तोवर ती नुसती वाढत राहते. सहा तास थेट ऊन हवंच. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणी पाऊस संपल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. त्यानंतर पानं जराशी मलूल झाल्यावरच पाणी द्या. डिसेंबरात कात्री लावलीत तर आलेल्या कळ्या कापाल.