सीआरची पद्धत बदलली, मग सरकारी कामात फरक का दिसत नाही?

तुम्ही विचारलंय की गोपनीय अहवाल (सीआर), म्हणजे कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामावर साहेबाने लिहायचे अहवाल, ऑनलाइन झाले, तरी कचेरीतलं काम होतं तसंच का? मी राज्य शासनाच्या सेवेत 31 वर्षं होतो. आधी माझे अहवाल साहेबांनी लिहिले, पुढे मी इतरांचे लिहिले.

एक सुधारणा खरोखर मोलाची झाली. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरा कळवायचे. नुसता ‘चांगला’ शेरा प्रतिकूल नव्हे, म्हणून तो कपाटातच राहायचा. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांची बढती अशीच हुकली. बढतीसाठी आधीची पाचही वर्षं ‘अतिशय चांगला’ लागायचं, 1993-94 मध्ये त्यांना ‘चांगला’ मिळालं आणि ते त्यांना कुणी सांगितलंच नाही. प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिला. तोवर ते निवृत्त झाले होते. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

पण आता शेरा समोरचा वाचणार म्हटल्यावर लिहिणारा वाईटपणा घेत नाही. जो तो ‘उत्कृष्ट’. आणि उद्दिष्टाचा रकाना? तो वर्षाच्या सुरुवातीला भरायचा, पण मी पाहिलं ते असं: उद्दिष्ट आणि साध्य एकाच दुपारी, एकाच पेनाने, वर्ष संपल्यावर. उद्दिष्ट 100, साध्य 100. त्यात बदली झालेली असली, तर ज्याने तीन-चार महिनेच काम पाहिलं तो अहवाल लिहितो.

माझ्या मते सुधारणा फॉर्ममध्ये नाही, एप्रिलमधल्या अर्ध्या तासात आहे. एका वर्षी मी प्रत्येकाला समोर बसवून विचारलं, यंदा काय करणार आणि अडतं कुठे? आस्थापनेच्या लिपिक बाई म्हणाल्या, “साहेब, हे मला आजवर कुणी विचारलं नाही.” निवृत्तांची पेन्शन प्रकरणं त्यांच्याकडे अडायची, कारण सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीतल्या नोंदींच्या वहीत, जुन्या वेतननिश्चितीची (पगार ठरवल्याची) पडताळणीच झालेली नसायची. आम्ही ठरवलं, पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची पुस्तकं आधी काढायची, महिन्याला चार.

मार्चअखेर अहवालात मी ‘कामसू, आज्ञाधारक’ असलं काही लिहिलं नाही. किती पुस्तकं पडताळून आली, किती राहिली आणि कशामुळे, एवढंच लिहिलं. बाईंनी ते वाचून सही केली आणि राहिलेल्यांची यादी मागून घेतली.