वाचकांचे प्रश्न : ओढ्याकाठचे बेडूक

प्रश्न : कोयनेकडे आमचे घर ओढ्याला लागून आहे. पावसाळ्यात पाण्यावर वाकलेल्या पानांवर पारदर्शक अंड्यांचे पुंजके दिसतात. ते वाहून जाऊ नयेत म्हणून टाकीत हलवावेत का? ओढ्याची सफाई कधी करावी?

उत्तर : हलवू नका. पुंजक्याभोवती पांढरा फेस असेल तर तो झाडबेडकाचा. फेस नसेल, नुसती जेलीतली अंडी असतील, तर बहुधा ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ची. हा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा, सुरकुतल्या कातडीचा निशाचर बेडूक फक्त सह्याद्रीत सापडतो. १९५५ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींवरून त्याला ‘ह्युमायुनी’ हे शास्त्रीय नाव मिळाले.

अंडी पाण्याबाहेर असतात ती मुद्दामच. पिल्ले बाहेर पडली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. मिलनही जगावेगळे आहे. इतर बेडकांसारखा नर मादीला कवटाळत नाही. तो तिच्या पाठीवर बसतो, हात मात्र पानावर किंवा फांदीवर टेकलेले. पाठीवर शुक्राणू सोडून तो उतरतो, मग मादी अंडी घालते आणि पाठीवरून ओघळणारे शुक्राणू ती फलित करतात. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मादीही आवाज काढते, ही बेडकांत दुर्मीळ गोष्ट.

म्हणजे पाण्याइतकीच काठावरची झाडी महत्त्वाची. नेमकी तीच ‘सफाई’त जाते. फांदी तोडली की खालचा कातळ उन्हात तापतो आणि जेली सुकते. कामे उन्हाळ्यातच उरका. प्लास्टिक काढा, प्रवाह अडवणारी ओंडकी बाजूला करा, पण पाण्यावर आलेल्या फांद्या आणि शेवाळलेले दगड तसेच ठेवा. पायऱ्यांवरच्या शेवाळाला ब्लीचिंग पावडर टाकू नका. पहिल्या सरीबरोबर क्लोरीन ओढ्यात उतरतो. गप्पी मासेही नकोत. वाहत्या पाण्यात डासांच्या अळ्या फारशा टिकत नाहीत, मासे मात्र बेडूकमासे खातात.

प्रश्न : घाटात पाणी झिरपणाऱ्या कातळावर बेडूकमासे वळवळताना दिसले. त्यांना पाण्यात सोडावे का?

उत्तर : नको. ते ‘इंडिराना’ गटातल्या बेडकांचे. त्यांची वाढच कातळावरच्या पातळ ओलाव्यात होते. शेपूट लांब आणि मागचे पाय लवकर फुटलेले, म्हणून हात लावायला गेलात तर टुणकन उडी मारतात. डबक्यात टाकणे ही मदत नव्हे.

प्रश्न : रात्री बेडूक पाहायला जाताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : बेडकांना हाताळू नका. त्यांची त्वचा सगळे शोषून घेते, डास पळवणारे मलमही. एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाताना बुटांचा चिखल ब्रशने काढा, ७० टक्के अल्कोहोल फवारून निदान एक मिनिट ओले ठेवा आणि मग पूर्ण वाळवा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी सह्याद्रीतही नोंदली गेली आहे, आणि ती ओल्या चिखलातून पसरू शकते. फवारणी ओढ्यापासून लांब, रस्त्यावर करा.