बागेतलं सभागृह, बाराही महिन्यांचं

प्रश्न : आमच्या भागातल्या सार्वजनिक बागेत सभागृह बांधायचं ठरतंय. सकाळी योगवर्ग, दुपारी ज्येष्ठांची बैठक, कधी हळदीकुंकू, सुट्टीत मुलांचं वाचनालय. जमीन काळी, नदी जवळ. आराखड्यात 165 चौरस मीटरचा एकच बंदिस्त हॉल आहे. तो बारा महिने वापरता येईल का? (सांगली)

उत्तर : हॉलच्या आधी पूररेषा बघा. नगररचना विभागाच्या नकाशावर निळी रेषा असते, ती साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बाग चालते, पक्कं बांधकाम चालत नाही. नदीकाठच्या बऱ्याच बागा नेमक्या याच पट्ट्यात असतात. शेजारच्या भिंतींवर 2019 आणि 2021 च्या महापुराच्या खुणा असतील, तर त्या लेव्हल मशीननं मोजून घ्या. तुमच्या जागेवर पाणी कंबरभर चढलेलं दिसलं, तर जोतं उंच करत बसू नका, जागा बदला.

आता इमारत. एकच बंदिस्त हॉल मे महिन्यात भट्टी होतो आणि पावसाळ्यात कोंदट. तेवढ्याच जागेत मधे 10 मीटर बाय 6 मीटरची खोली घ्या आणि चारही बाजूंनी अडीच मीटरची पडवी. मापं 15 बाय 11, म्हणजे 165 चौरस मीटरच. खोलीत सतरंजीवर 80 माणसं बसतात, योगवर्गाला 20 ते 24. बाकीची वर्दळ पडवी पेलते आणि वर्षातले बहुतेक दिवस लोक पडवीतच बसतात.

लांब बाजू दक्षिण-उत्तर तोंड करून ठेवा. सांगलीत 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य 50 अंशांवर असतो. 1 मीटरचं छज्जं तेव्हा भिंतीवर फक्त 1 मीटर 20 सेंटिमीटर सावली देतं, पण मार्च संपताना तेच तीन मीटरच्या पुढे देतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेची बाजू उघडी टाकू नका. पश्चिमेला मात्र छज्ज्याचा उपयोग होत नाही, कारण चार वाजताचं ऊन खालून येतं. तिथे पडवीला उभ्या पट्ट्यांची जाळी हवी. पावसाची झडही त्याच बाजूनं येते, तेव्हा पट्ट्या नैर्ऋत्येकडे पाठ करून तिरक्या बसवा.

पश्चिमेला सावलीसाठी झाडं लावाल तर एक लक्षात ठेवा. हिवाळ्यात पानं गाळणारी झाडं लावा हा सल्ला थंड देशांतला आहे. आपल्याकडे पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे ऊन चढतानाच. करंज आणि कडुनिंबाला एप्रिलात भरगच्च पालवी असते; ते भिंतीपासून 6 मीटर लांब लावा. वड-पिंपळ नकोत. जागेवर मोठं झाड असेल तर तोडायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. त्याच्या बुंध्याभोवती मुरूम भरून जमीन उंच केलीत, तर परवानगी न घेताही ते मरतं.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. यातली नेहमीची चूक अशी, की खोलीचा पाया खोल घेतात आणि पडवीच्या खांबांचा उथळ. दोन-तीन वर्षांत पडवी खोलीपासून सुटते आणि सांध्यातून गळती सुरू होते. खोली आणि पडवी, दोन्हींना सारखेच खोल अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत उतरवलेले, तळाशी फुगा असलेले काँक्रीटचे खांब) घ्या, किमान साडेतीन मीटर. 30 सेंटिमीटरच्या पाइलला खाली 75 सेंटिमीटरचा फुगा. जमिनीलगतच्या बीमखाली 8 सेंटिमीटरची पोकळी ठेवा, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते. फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरा, दर 15 सेंटिमीटरच्या थराला पाणी मारून धुमस.

प्रश्न : छताला पत्रा की कौलं? (रत्नागिरी)

उत्तर : कोकणात मंगळुरी कौल आम्हाला पसंत आहे. उतार 30 अंश, चौरस मीटरला 15-16 कौलं, रिपांमधलं अंतर 32 सेंटिमीटर. पागोळ्यांकडच्या दोन ओळी तारेनं बांधा, वादळात त्याच आधी उडतात. माकडं कौलं फोडणारच, म्हणून कौलांखाली आधी साधा पत्रा टाकतात. तोही टाका आणि दरवर्षी बदलायला शंभरेक कौलं कोपऱ्यात रचून ठेवा.

नुसता पत्रा टाकला तर आषाढात आतलं बोलणं ऐकू येत नाही. पत्राच हवा असेल तर खाली 50 मिलिमीटर रॉकवूल (आवाज आणि उष्णता अडवणारी दगडी लोकर) आणि सिमेंट बोर्ड. स्क्रू नळीच्या उंचवट्यावर मारा, खळगीत नको. रबरी वॉशर नीट दबेल इतकाच आवळा. जास्त आवळला की तो फाटतो, आणि पहिली गळती तिथेच.

पन्हळीचा हिशेबही करा. तासाला 100 मिलिमीटर पाऊस धरला तर 215 चौरस मीटर छपरावरून तासाला 21,500 लिटर पाणी उतरतं. 100 मिलिमीटरचा एक पाइप जेमतेम 43 चौरस मीटरचं पाणी नेतो. किमान पाच पाइप लागतील. आराखड्यांत दोन-तीनच दाखवलेले असतात. मग पन्हळ भरून पाणी भिंतीवर येतं. प्रत्येक तोंडावर जाळी हवी, नाहीतर मृगाच्या पहिल्या सरीत पानं अडकतात.

प्रश्न : आजी-आजोबा, व्हीलचेअर आणि स्वच्छतागृह यांचं काय? (नाशिक)

उत्तर : जोतं 60 सेंटिमीटर असेल तर उतरंड 7 मीटर 20 सेंटिमीटर लांब लागते, कारण प्रमाण 1:12 आहे. रुंदी 1 मीटर 20, दोन्ही बाजूंना कठडा. पायऱ्या झाल्यावर उरलेल्या जागेत ती बसत नाही, म्हणून आधी उतरंड आखा. पडवीला खडबडीत शहाबादी फरशी घाला आणि अडीच मीटरला 3 सेंटिमीटर उतार बाहेर काढा. चकचकीत टाइलवर ओले पाय घसरतात आणि आपटतात ते ज्येष्ठच. स्वच्छतागृहाचं दार सभागृहातून नको, बागेकडून हवं. सभागृहाला कुलूप असलं तरी फिरायला आलेल्यांना ते वापरता येतं. एक शौचालय व्हीलचेअरचं, दार 90 सेंटिमीटर, बाहेर उघडणारं.