‘सुकूस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: काँगोचा गायक कांदा बोंगो मॅन याच्या संगीताला ‘सुकूस’ म्हणतात. हा शब्द आला कुठून, आणि मराठीत त्याला ‘धांगडधिंगा’ म्हटलं तर चालेल का?

शब्दाचं मूळ फ्रेंच ‘सकुए’ या क्रियापदात सांगतात. अर्थ हलवणं, गदगदा हलवणं. काँगोवर बेल्जियमची सत्ता होती, तेव्हापासून फ्रेंच तिथे रुजलेली. सुकूस हे आधी एका नाचाचं नाव होतं, पुढे त्या सगळ्या नाचऱ्या संगीतालाच ते चिकटलं.

‘धांगडधिंगा’ मात्र मला अजिबात पटत नाही. त्या शब्दात नापसंती मुरलेली आहे. मुलं घर डोक्यावर घेतात तेव्हा आपण तो वापरतो. सुकूसमध्ये गोंधळ नाही, कमालीची शिस्त आहे. दोन-तीन गिटार एकमेकींत वेणीसारख्या गुंफलेल्या असतात. एक छोटीशी सुरावट पुन्हापुन्हा फिरवते, दुसरी तिच्या मधल्या फटी भरते, आणि वरची मुख्य गिटार मोकळी धावते. सुकूस ज्यातून निघालं त्या जुन्या काँगोली रुंबा संगीतात आधी संथ गाणं चालायचं आणि शेवटी ‘सेबेन’ नावाचा गिटारचा वेगवान भाग यायचा. आपल्याकडे विलंबितानंतर द्रुत यावी तसा. कांदा बोंगो मॅन १९७९ मध्ये पॅरिसला गेला, १९८१ मध्ये त्याचा ‘इयोले’ हा अल्बम आला, आणि त्याने हा क्रमच मोडला. शेवटापर्यंत ताटकळत न ठेवता कडव्याकडव्यानंतर गिटार मोकळी धावू दिली. ती वाजवणारा दिब्लो दिबाला इतका चपळ, की त्याला ‘मशिनगन’ हे टोपणनाव पडलं. अशा गाण्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: ‘उडत्या चालीचं’. तोच वापरावा.

कांदा बोंगो मॅनने गाजवलेला नाच ‘क्वासा क्वासा’. फ्रेंच ‘से क्वा सा?’, म्हणजे ‘हे काय आहे?’, यावरून हे नाव पडलं असं सांगतात. यात कंबर पुढेमागे होते आणि हात कंबरेच्या मागोमाग जातात. ‘थिरकणं’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पावलं येतात, म्हणून तो शब्द इथे तोकडा वाटतो. ताक करताना रवीची दोरी ओढणारे हात आठवा. ‘घुसळण’ हा शब्द त्या हालचालीच्या फार जवळ जातो, आणि तो मला मनापासून आवडतो.

गायकाचं नाव ‘कांडा’ लिहू नये. फ्रेंच वळणाचा मऊ द आहे. भाजीतला कांदा डोळ्यांपुढे येतो म्हणून अडत असेल तर ‘कान्दा’ लिहावं. ‘सुकूस’ मी नपुंसकलिंगी धरतो, ‘संगीत’ मनात ठेवून: ‘त्याचं सुकूस ऐकलं’.