हात घातला की चावतो!

प्रश्न: मुलीच्या हट्टापायी हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) आणला, आठवडा झाला, पण पिंजऱ्यात हात घातला की कचकन चावतो. मुलगी आता रडते आणि सासूबाई म्हणतात परत देऊन या. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, परत नका देऊ, आठवडा म्हणजे काहीच नाही हो. हॅमस्टर रात्रीचा प्राणी, दिवसा झोपतो, आणि मुलगी शाळेतून आल्या आल्या त्याला उठवत असणार, मग चावणारच ना! त्याला नजर कमी, तो वासावर चालतो, त्यामुळे हाताला चिवड्याचा वास असेल तर बोट म्हणजे खाऊच वाटतो. आधी हात धुवा. वरून झडप घातल्यासारखा हात तर अजिबात नको, घार आली असं वाटतं त्याला, बाजूनेच न्या.

काही दिवस हात लावूच नका, फक्त रात्री जेवणं झाल्यावर पिंजऱ्याजवळ बसून हळू बोला. तुमच्या हातात चोळलेला साधा टिश्यू आत ठेवा, घरट्यात ओढून नेईल, वास ओळखीचा होईल. मग तळहातावर सूर्यफुलाची एखादी बी, एखादीच, फार तेलकट असते ती. स्वतःहून हातावर चढला तरच उचला, तेही जमिनीवर बसून, कारण उंचावरून पडला तर हाड मोडतं.

चावला तर ओरडू नका, त्याच्यावर फुंकर मारू नका. जखम साबणाने धुवा, रक्त आलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि सोबत म्हणून दुसरा आणू नका बरं का, सिरियन जातीचा असेल तर मारामाऱ्या ठरलेल्या. सासूबाईंना महिनाभर थांबायला सांगा.