‘लिस्ट ऑफ स्टुडंट्स’पुढे हॅज की हॅव?

तुम्ही विचारलंय, ‘द लिस्ट ऑफ स्टुडंट्स’पुढे ‘हॅज बीन सेंट’ येतं की ‘हॅव बीन सेंट’, आणि पॅसिव्हमध्ये क्रियापद नेमकं कोणाचं ऐकतं?

हॅज. पाठवली गेली ती यादी, मुलं नव्हेत.

‘विद्यार्थ्यांची यादी पाठवली’ऐवजी ‘पाठवले’ असं आपण झोपेतसुद्धा म्हणणार नाही, कारण मराठीत ‘यादी’ क्रियापदाला चिकटून बसते. इंग्रजीत यादी आधी येऊन जाते आणि क्रियापदाच्या शेजारची जागा ‘स्टुडंट्स’ पटकावतात. कानात अनेकवचन घुमत असतं, हात ‘हॅव’ लिहून मोकळा होतो. ऑफिसात पत्रं तपासताना मी ‘ऑफ’पासूनचा तुकडा अंगठ्याखाली झाकते. ‘द कॉपीज ऑफ द ऑर्डर इज अटॅच्ड’मधलं ‘ऑफ द ऑर्डर’ झाकलं की ‘कॉपीज इज’ लगेच डोळ्यात खुपतं.

पॅसिव्हचा घोळ वेगळा. ‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग’ असं मला शाळेत सांगितलं होतं, आणि ते निस्तरायला पुढे बरीच वर्षं गेली. ‘आईने पोळ्या लाटल्या’ हा कर्मणी प्रयोग, क्रियापद पोळ्यांप्रमाणे बदललंय. इंग्रजीत मात्र हे साधं अ‍ॅक्टिव्ह वाक्य: ‘मदर रोल्ड द चपातीज’. पॅसिव्हच्या जवळ जातं ते ‘पोळ्या लाटल्या गेल्या’. त्यात आपले दोन्ही शब्द बदलतात: पापड लाटला गेला, पोळी लाटली गेली. इंग्रजीत ‘रोल्ड’ जागचं हलत नाही. बदलायचं ते फक्त वॉज-वेअर, हॅज-हॅव.

आणि खरा खड्डा इथे आहे. ‘मला दोन पुस्तकं दिली गेली’ यात आपलं क्रियापद पुस्तकांमागे जातं. इंग्रजीत ‘आय वॉज गिव्हन टू बुक्स’. पुस्तकं दोन असोत की दोनशे, कर्त्याच्या खुर्चीत ‘आय’ बसलाय, म्हणून ‘वॉज’. पुस्तकांना खुर्ची दिलीत तर ‘टू बुक्स वेअर गिव्हन टू मी’.

माझा अंगठा एका ठिकाणी फसतो, तेवढं पाठच करा. ‘अ नंबर ऑफ पेपर्स वेअर लॉस्ट’, पण ‘द नंबर ऑफ पेपर्स वॉज रिड्यूस्ड’. पहिल्यात ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे नुसतं ‘बरेच’, हरवले ते पेपर. दुसऱ्यात कमी केली ती संख्या.