एच-१बी वर असताना बे एरियातल्या शहराच्या हवामान आयोगावर नेमणूक होऊ शकते का? निवड नेमकी कशावर होते?

तुम्ही लिहिलंय की साउथ बेमध्ये (सॅन फ्रान्सिस्को बे एरियाचा दक्षिण भाग, सॅन होजेच्या आसपास) भाड्याने राहता, एच-१बी वर (कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर) आहात, शहराच्या हवामान सल्लागार आयोगावर जागा रिकामी झाल्याची सूचना पाहिली आणि अर्ज करावा की नाही ते कळत नाही. अर्ज जरूर करा. राज्याचा कायदा तुमच्या आड येत नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये सिनेट बिल २२५ संमत केलं. त्यानुसार १८ वर्षं पूर्ण झालेली आणि राज्यात राहणारी कोणतीही व्यक्ती, नागरिकत्व किंवा व्हिसा काहीही असला तरी, नेमणुकीचं सार्वजनिक पद घेऊ शकते.

अडचण येऊ शकते ती दोन ठिकाणी. काही शहरांना स्वतःची सनद (चार्टर, म्हणजे शहराचा मूळ कायदा) असते आणि तिच्यात 'नोंदणीकृत मतदार' अशी जुनी अट राहून गेलेली असू शकते. सनद शहराच्या संकेतस्थळावर असते, त्यातलं बोर्ड आणि कमिशनचं कलम अर्जाआधी वाचून घ्या. दुसरी गोष्ट मानधनाची. बहुतेक सल्लागार आयोग बिनपगारी असतात, पण काही शहरं बैठकीमागे थोडे पैसे देतात, आणि एच-१बी वर नोकरी देणाऱ्या कंपनीव्यतिरिक्त कुठूनही मोबदला घेणं अंगाशी येऊ शकतं. जागा मानधनाची आहे का, ते सिटी क्लर्कला (शहराचे दस्तऐवज सांभाळणारा अधिकारी) ईमेलने विचारून लेखी उत्तर ठेवा. मानधन असेल तर 'मला नको' म्हणून स्वतःच प्रश्न निकालात काढू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा. अर्जात व्हिसाचा उल्लेखही करू नका. असे अर्ज सार्वजनिक दस्तऐवज ठरू शकतात आणि बऱ्याचदा बैठकीच्या अजेंड्यालाच जोडले जातात.

हे पद म्हणजे काय, हेही आधी नीट समजून घ्या. आपल्याकडच्या महापालिकेतल्या स्वीकृत नगरसेवकाशी त्याची गल्लत होते. स्वीकृत नगरसेवक सभागृहात बसतो, बोलतो, पण त्याला मत नसतं. इथला आयोग सदस्य सिटी कौन्सिलमध्ये, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभागृहात, बसतच नाही. तो आयोगाच्या बैठकीत मत देतो, आणि आयोगाचा ठराव कौन्सिलपुढे शिफारस म्हणून जातो. कौन्सिलने ती मानलीच पाहिजे असं नाही.

जागा कधी निघतात? मॅडी ॲक्टनुसार (नेमणुकीच्या जागा जाहीर करण्याचा राज्याचा कायदा) पुढच्या वर्षी मुदत संपणाऱ्या पदांची यादी प्रत्येक शहराला ३१ डिसेंबरपर्यंत जाहीर करावी लागते. कुणी मध्येच राजीनामा दिला तर २० दिवसांच्या आत सूचना लावावी लागते आणि ती लावल्यावर निदान १० कामकाजाचे दिवस अंतिम नेमणूक करता येत नाही. तुम्ही पाहिलेली सूचना या दुसऱ्या प्रकारची असावी, म्हणजे वेळ कमी आहे. अशी जागा उरलेल्या मुदतीपुरती असते. त्यात तोटा नाही, कारण पुढच्या पूर्ण मुदतीला अर्ज करताना काम दाखवता येतं.

निवडीच्या मुख्य पद्धती दोन, आणि तुमच्या शहरात कोणती चालते त्यावर तुमची तयारी ठरते. बर्कलीत महापौर आणि आठ कौन्सिल सदस्य प्रत्येकी एक जण नेमतात, म्हणून आयोगावर नऊ जण. तिथे आपल्या डिस्ट्रिक्टच्या सदस्याच्या कार्यालयाशी बोलल्याशिवाय नुसता अर्ज टाकून काही होत नाही. दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण कौन्सिल उमेदवारांच्या जाहीर मुलाखती घेतं आणि मतदानाने निवडतं. मुलाखत काही मिनिटांचीच असते. तिथे हवामानबदलाचं शास्त्र सांगण्यात वेळ घालवणारे मागे पडतात. कौन्सिलला ऐकायचं असतं की तुम्ही आयोगाच्या बैठकांना आला आहात का, शहराचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन वाचलाय का, आणि इतरांना न दिसणारं काय तुम्हाला दिसतं. अर्जाआधी निदान दोन बैठकांना जाऊन बसा आणि मागच्या वर्षभराची इतिवृत्तं वाचा.

बहुतेक अर्ज फसतात ते आशयात. 'सौर ऊर्जा वाढवू' असं लिहिणारे पुष्कळ असतात. पण इथली वीजखरेदी आधीच सॅन होजे क्लीन एनर्जी, सिलिकॉन व्हॅली क्लीन एनर्जी अशा सार्वजनिक संस्थांकडे गेली आहे आणि ती वीज बऱ्यापैकी स्वच्छ आहे. आपल्या भागातलं सर्वांत मोठं उत्सर्जन वाहतुकीचं, त्याखालोखाल इमारतींमधल्या गॅसचं. 'नव्या घरांत गॅसबंदी करू' हेही आता चालत नाही. बर्कलीने २०१९ मध्ये ती केली, पण २०२३ मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील न्यायालय) केंद्राच्या १९७५ च्या ऊर्जा कायद्याचा आधार घेऊन ती रद्द ठरवली. शिवाय २०२५ च्या असेंब्ली बिल १३० ने घरांसाठी राज्यापेक्षा कडक स्थानिक बांधकाम नियम करण्यावर जून २०३१ पर्यंत, मोजके अपवाद सोडून, बंदी घातली आहे. हे ठाऊक नसलेला अर्ज वाचणाऱ्याला लगेच कळतो.

भाडेकरू असणं ही तुमची जमेची बाजू आहे. माझ्या मते अर्जाचा निम्मा भाग त्यावर द्यावा, कारण अशा आयोगांवर स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचाच भरणा असतो. गाडी चार्ज करायला रात्रभर १२० व्होल्टचा साधा प्लगही रोजच्या ये-जा करण्याला बहुधा पुरतो, पण अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तोही नसतो. गॅसचा वॉटर हीटर काढून नेहमीचा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा विजेचा हीटर) बसवायचा तर बहुधा २४० व्होल्ट, ३० अँपिअरचं सर्किट लागतं. जुन्या इमारतीतलं १०० अँपिअरचं पॅनल भरलेलं असेल तर खर्च पॅनलवरच वाढतो. १२० व्होल्टवर चालणारी मॉडेलं मिळतात, पण सवलत-योजनेत भाडेकरू आणि घरमालक यांच्यात पैसे कुणी भरायचे ते ठरलेलं नसतं. असा एकच प्रश्न घ्या, तो शहराच्या योजनेतल्या नेमक्या कलमाशी जोडा, आणि परवाना, सवलत की माहिती यांपैकी शहराच्या हातात काय आहे ते लिहा.

नेमणूक झाल्यावर सगळ्यात जास्त लोक चुकतात ते ब्राऊन ॲक्टमध्ये. या राज्य कायद्यानुसार बहुमताइतक्या सदस्यांनी आयोगाच्या विषयावर जाहीर बैठकीबाहेर चर्चा करायची नसते. सात जणांच्या आयोगात चार म्हणजे बहुमत. तुम्ही एकाशी बोललात, त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, की नकळत बेकायदा बैठक झाली. म्हणून सदस्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका, ईमेलला 'रिप्लाय ऑल' करू नका. दुसऱ्या सदस्याने आयोगाच्या विषयावर काही पोस्ट केलं तर त्याला लाईक किंवा इमोजीही देऊ नका. २०२१ पासून कायदा तोही प्रतिसाद धरतो. विषय अजेंड्यावर असला तरच चर्चा, आणि नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लागतो.

शहराच्या हितसंबंधांच्या नियमावलीत तुमचं पद असेल तर ३० दिवसांत फॉर्म ७००, म्हणजे आर्थिक हितसंबंध जाहीर करणारा अर्ज, भरावा लागतो. कंपनीचे शेअर २,००० डॉलर किंवा जास्त किमतीचे असतील आणि कंपनीचा त्या शहराशी व्यवसाय असेल, तर ते दाखवावे लागू शकतात. हातात आलेले आरएसयू (कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर) इथेच विसरले जातात. इंडेक्स फंड आणि राहतं घर सहसा लागत नाही.

भारतात महिना-दीड महिना जायचं असेल तर आधीच सांगा. अनेक शहरांत ठरावीक गैरहजेरीनंतर पद आपोआप रिकामं होतं, आणि पुण्याहून झूमवर बसणं वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या नियमाने तुम्ही जिथून बोलता ती जागा अजेंड्यावर छापून लोकांना खुली ठेवावी लागते. केवळ सल्लागार मंडळांना सवलती आहेत, पण कौन्सिलने त्या रीतसर मंजूर केल्या असतील तरच. तिकीट काढण्याआधी आयोगाच्या स्टाफ लिआझनला (आयोगाचं काम पाहणारा शहराचा कर्मचारी) विचारा.

वर्षातले खरे महत्त्वाचे महिने जानेवारी ते मार्च. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, अंदाजपत्रकाचा मसुदा साधारण मेमध्ये येतो आणि जूनमध्ये मंजूर होतो. मे महिन्यात केलेली शिफारस कितीही चांगली असली तरी तिच्यासाठी पैसे उरलेले नसतात. तुमची नेमणूक उन्हाळ्यात झाली तर पहिला प्रयत्न आयोगाच्या वार्षिक कार्ययोजनेत आपला विषय घालून घेण्याचा करा. कार्ययोजनेत नसलेल्या विषयावर कर्मचाऱ्यांना तास दिले जात नाहीत, आणि कर्मचाऱ्यांच्या टिपणीशिवाय तो विषय कौन्सिलच्या टेबलापर्यंत क्वचितच जातो.